टाळ्यांवर बारा नसा

देवापुढे डोळे मिटून उभी राहणारी डॉक्टर दिसली, की तुम्हीही नाक मुरडता का? मी मुरडायचे. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत मोठी झालेली मी. दिल्लीत, मयूर विहारला आमच्या समोरच्या घरातली मुलगी अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक देव्हाऱ्यात ठेवायची, तेव्हा माझा तिळपापड व्हायचा.

"अगं, ते वाचायचं असतं!"

"वाचून झालं, कॉम्रेड. उरलेलं तो बघेल." आणि जाता जाता माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायची. "नाडी जोरात आहे. आज कुणाचा निषेध?"

त्याने काही बघितलं नाही. मेडिकलच्या पहिल्याच वर्षी ती नापास झाली. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा सांगायच्या होत्या. तोंडी परीक्षेत तिसरीनंतर हिची वाचाच बसली. आता फेरपरीक्षा. तीही गेली, की वर्ष गेलं.

"मला नाही जमणार यार. नोएडात नोकरी बघते," म्हणत तिने पुस्तकं बांधायला घेतली.

तिची आई कणीक मळत होती. "बघ की. पण काय गं, आरती तू कधी पाठ केलीस?"

"पाठ कशाला करायची? येते."

"मग त्या नसा म्हण त्याच चालीवर."

झालं! त्या घरात रोज आरतीनंतर नसांची आरती सुरू झाली. आई झांजा वाजवायची. बाबा निवृत्त सुभेदार, त्यांना हजेरी अपुरी चालायची नाही. "दहाच आल्या! दोघी कुठं पळाल्या? पुन्हा!" दहावी नस, वेगस, पार पोटापर्यंत जाते, म्हणून तिचं नाव ते दूध उतू जाईपर्यंत लांबवायचे.

मग गणपती आले. सोसायटीच्या मांडवात आरतीचा मान बाबांचा. त्यांनी डोळे मिटले, तबक ओवाळलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर..."

सवयीने आईच्या झांजाही वाजू लागल्या. दिल्लीकरांना मराठी आरतीतलं काय कळणार? सगळा मांडव भक्तिभावाने डोलत होता. बाराव्या नसेला कुणीतरी शंख फुंकला. खालच्या मजल्यावरच्या आंटी डोळे पुसत म्हणाल्या, "भाईसाहब, ये वाली तो सबसे प्यारी थी!"

मी हसून हसून खांब धरला होता. ती मात्र शेजारी उभी राहून रडत होती. "बघ ना, बाबांना माझ्या आधी पाठ झाल्या."

फेरपरीक्षेत तिसऱ्या नसेनंतर पुन्हा सगळं पुसलं गेलं. पण या वेळी तिचे हात आपोआप टाळ्या वाजवू लागले.

"ये क्या है?" परीक्षक चक्रावले.

"सर, हमारे घर में ऐसे ही होता है," म्हणत तिने बाराच्या बारा गाऊन दाखवल्या. वेगस लांबवून.

"प्रसाद नहीं लाईं?" परीक्षकांनी विचारलं. ती पास झाली होती.

आता ती दूरच्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. समोरच्या घरात नसा अजून होतात. बारा संपल्या, की बाबा दाराकडे बघून तिचं नाव पुकारतात. कुणीतरी ओ द्यायला हवी, म्हणून मी इकडून ओरडते, "हजर!" देव आहे की नाही, यावर उद्याही पत्रक काढीन. पण त्या हजेरीला खाडा करणार नाही.

तुमच्या इमारतीत मेडिकलचं एखादं पोर पुस्तकं बांधून, दार लावून बसलं असेल, तर आज संध्याकाळी ते दार वाजवा. नसा येत नसल्या तरी चालेल. टाळ्या येतात ना? तेवढ्या घेऊन जा.