चंद्रीने दाखवलेला ठिपका

पंचगंगेत घाण पाणी कुठे कुठे मिसळतं, याचा मोबाइलवर नकाशा करायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. घाण दिसली की लाल ठिपका, पाणी चांगलं दिसलं की हिरवा. त्या सकाळी एका काठावर सगळं स्वच्छ वाटलं, म्हणून मी हिरवा टाकला.

शेजारून एक म्हातारा गवळी म्हैस धुवायला पुढे घेऊन चालला होता. डोक्याला पटका, खांद्यावर दोर. त्याने सरळ माझ्या मोबाइलमध्ये डोकावलं.

"पावणं, हितं हिरवा व्हय? खुळं का काय! आमची चंद्री हितं पाण्यात पायबी घालत न्हाय की."

त्याने चंद्रीला थाप मारली. ती पाण्यापर्यंत गेली, फुरफुरली आणि मागे फिरली. मग त्याने काठीने काठालगत पाण्यावर वाढलेलं केंदाळ बाजूला सारलं. खाली काळं पाणी ओकणारा पाइप होता. थोडं पुढे गावाचं पिण्याचं पाणी उचलतात. मी शरमून ठिपका लाल केला आणि माहिती देणाऱ्याचं नाव विचारलं.

"माझं कशाला? हिचंच लिव्हा."

मी खरंच चंद्री लिहिलं. त्या ठिपक्यावरून तक्रार केली, हेलपाटे घातले, तेव्हा कुठे पाइप बंद झाला.

परवा त्याचे आभार मानायला गेलो. तो काठावर उकिडवा बसला होता. मी हात जोडले, तर त्याने नुसतं नदीकडे बोट केलं. चंद्री मानेपर्यंत पाण्यात डुंबत होती.

मी ठिपका हिरवा केला.