मास्तरांची दाढ

मास्तर बाराव्या वर्षी शिलाई मशीनवर बसले ते पन्नाशी ओलांडली तरी उठले नाहीत, असं त्यांची बायको म्हणायची. मधल्या काळात मशीन बदललं, गाव बदललं, शेवटी देशही बदलला. परदेशातल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, अगदी मागच्या बाजूला, वाफेची इस्त्री आणि टांगलेल्या कोटांची रांग यांच्यामध्ये त्यांची जागा होती. एक मशीन, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला वीतभर उंचीचं लाकडी फळकूट. पँटची उंची कमी करायची, कोटाची कंबर आत घ्यायची, बिघडलेल्या चेनी बदलायच्या, हे काम. नवं कापड बेतायला कुणी सांगत नसे, याचं त्यांना मनातून वाईट वाटे. पण मालक पगार वेळेवर देई, बायकोलाही एका पाळणाघरात काम मिळालं होतं, आणि मायदेशी मावशीकडे राहून लेकीचं कॉलेज सुरू होतं. तक्रारीला जागा नव्हती.

तिथली भाषा ते गिऱ्हाइकांच्या अंगावर टेप धरून शिकले होते. "सरळ उभे राहा. हात वर. श्वास सोडा. आता वळा." एवढ्या भांडवलावर त्यांनी सहा वर्षं काढली होती.

मास्तरांना एकच खोड होती. कात्री गळ्यात लटकत असली तरी दोरा ते दातानेच तोडत. जाड दोरा असेल तर दाढेखाली धरून एक हिसका. बायकोने हजारदा सांगून पाहिलं, पण हाताच्या आधी मान पुढे जायची. एका मंगळवारी जीन्सची शिवण घालून झाली, मास्तरांनी दोरा उजव्या दाढेखाली धरला आणि हिसका दिला. काडकन आवाज झाला. त्यांना वाटलं बटण फुटलं. तळहातावर बघतात तर दाढेचा निम्मा तुकडा.

चार दिवस त्यांनी घरी काहीच सांगितलं नाही. डाव्या बाजूने चावायचं, चहा कोमट करून प्यायचा, हसायचं ते ओठ मिटून. पाचव्या दिवशी बायकोने समोर बसून सरळ विचारलं, "अहो, तुम्ही बिस्किट चहात बुडवून खायला कधीपासून लागलात? तुम्हाला तर त्याचा राग येतो."

"वय झालं."

"आ करा."

मास्तरांनी आ केला. बायकोने मोबाईलचा उजेड आत पाडला आणि कपाळावर हात मारून घेतला.

मालकाने कामगारांचा विमा उतरवला होता. तो कागद कपाटातून काढून दोघांनी शब्द लावत लावत वाचला. हात मोडला, पाय मोडला, अपेंडिक्स फुटलं तर विमा धावून येणार होता. दात आणि डोळे मात्र विमा कंपनीच्या लेखी शरीरात मोडत नव्हते. तरी दोघं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. तिथे काचेच्या पेटीत मासे फिरत होते आणि हलकं संगीत चालू होतं. डॉक्टर फार गोड बोलले. दाढ हिरडीच्या खालपर्यंत चिरली आहे, काढावी लागेल आणि तिथे नवीन बसवावी लागेल, असं सांगून त्यांनी अंदाजपत्रक हातात ठेवलं. कागदाच्या तळाशी एक आकडा होता. मास्तरांना आधी वाटलं, तो दवाखान्याचा फोन नंबर आहे.

बाहेर फुटपाथवर येऊन बायको म्हणाली, "एवढ्यात आपण दोघं घरी जाऊ, दाढ काढू, पोरीला भेटू आणि परत येऊ. वर काही उरेलसुद्धा."

"मग जाऊ या की."

"रजा तुमचा काका देणार आहे?"

थंडी तोंडावर आली होती. दुकानात कोटांचा ढीग पडला होता, आणि मास्तरांच्या रजेला अजून अकरा महिने होते. आपल्याकडच्या बाकीच्या लोकांचं तिथे असंच चालायचं. कुणी गुडघा, कुणी चष्म्याचा नंबर, कुणी पोटातला खडा सांभाळत सुट्टीची वाट बघत बसायचं. मास्तरांनीही मन घट्ट केलं. लवंग, मिठाच्या गुळण्या आणि डावी बाजू यांच्या जोरावर अकरा महिने काढायचे ठरले.

दोन आठवडे निघाले. मग एका दुपारी दुकानात एक मुलगी आली. चोवीस-पंचवीसची, केस वर बांधलेले, हातात पांढरा डॉक्टरी कोट. कोटाच्या बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"सगळ्यात लहान माप हेच होतं," ती म्हणाली. "परवा बाही औषधात बुडाली. आमच्या बाई रागावल्या."

"सरळ उभे राहा. हात वर," मास्तर म्हणाले. बाहीला टाचण्या लावताना त्यांचा गाल नकळत आक्रसला. मुलीचं लक्ष आरशात होतं.

"उजवीकडे खाली दुखतंय ना?"

मास्तरांनी नुसती पुढची टाचणी उचलली.

"आ करा बघू."

आता लाकडी फळकुटावर गिऱ्हाईक उभं, आणि शिंप्याने तिच्यासमोर आ वासलेला, असं दृश्य इस्त्रीवाल्याने पाहिलं आणि तो हातातली इस्त्री तशीच धरून उभा राहिला. मुलीने मान वाकडी करून आत बघितलं. तिचा चेहरा असा खुलला, जणू हरवलेली वस्तू सापडली.

"किती छान!" ती म्हणाली. मग जीभ चावली. "म्हणजे, तुम्हाला त्रास होतोय ते वाईटच. पण मला अगदी अशीच दाढ हवी होती."

ती दाताच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेला बसायचं तर अशी एक अवघड दाढ काढून, तिच्या जागी पूल, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेली नकली दाढ, बांधून दाखवावा लागे. वर्गातल्या बहुतेकांना पेशंट मिळाले होते, हिला मिळत नव्हता. कॉलेजच्या दवाखान्यात खर्च नावापुरता. फक्त दोन गोष्टी होत्या. वेळ फार लागे, आणि काम विद्यार्थ्याच्या हातून होई.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "शिकाऊ हात म्हणता?"

"मी पण कधीतरी शिकाऊच होतो."

"तुम्ही कापड फाडत होतात. माणूस नाही."

तरीही शनिवारी ती त्यांच्यासोबत गेली, पर्समध्ये विणकाम घेऊन.

कॉलेजचा दवाखाना म्हणजे एक लांबच लांब हॉल. शाळेच्या बाकांसारख्या रांगेने मांडलेल्या चाळीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक आ वासलेला माणूस, प्रत्येकावर वाकलेला एक घाबरा विद्यार्थी. मधून एक पिकल्या केसांच्या बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून फिरत. विद्यार्थ्याने काहीही केलं की हात वर करायचा, बाई येऊन बघणार, सही करणार, तेव्हाच पुढचं पाऊल. फोटो काढला, हात वर. सुई टोचली, हात वर. पहिल्या दिवशी नुसत्या तपासणीला तीन तास लागले. बायकोचा मोज्याचा पंजा विणून झाला. मास्तर मात्र खुशीत होते. इतक्या बारकाईने त्यांच्याकडे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

दाढ काढायचा दिवस आला. डॉक्टरीणबाई (मास्तर तिला पहिल्यापासून हेच म्हणत) दाढेचे दोन तुकडे करून ते नीट बाहेर काढू शकली. बाईंनी सही केली. आता तीन टाके घालायचे राहिले, आणि तिथे तिचं घोडं अडलं. पहिला टाका कसाबसा पडला. दुसऱ्याला सुई हिरडीतच अडली. मास्तरांचा अर्धा चेहरा बधिर होता, दुखत काहीच नव्हतं, पण वरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत त्यांना सगळं दिसत होतं. जवळजवळ चाळीस वर्षं सुई चालवलेला माणूस. त्याला हे बघवेना. त्यांनी हात वर केला.

"दुखतंय?" ती दचकली.

मास्तरांनी मान हलवली. तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून त्यांनी हवेत मनगट वळवून दाखवलं. सुई सरळ ढकलायची नाही. सुई वाकडी आहे, तिच्या वाकाने मनगट फिरवायचं. एकदा दाखवलं, दोनदा दाखवलं. मग कसाबसा आवाज काढून म्हणाले, "गाठ... कशू नका. चुण्या... पडटात."

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या हे कुणाला कळलंच नव्हतं. त्यांनी चष्मा वर सरकवला. "पेशंटचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पहिला टाका ओढला गेलाय. तो सोडव आणि परत घाल."

डॉक्टरीणबाईने श्वास सोडला. मनगट फिरवलं. सुई लोण्यातून जावी तशी गेली.

आठ दिवसांनी टाके काढले तेव्हा जागा स्वच्छ भरून आली होती. निघताना ती घुटमळली. मग म्हणाली, "टाक्यांच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालेय. तुम्ही मला शिकवाल का?"

मास्तर गांगरले. "अहो, मी शिंपी. कोट शिवतो. माणसाचं मला काय कळतं?"

"माणसाचं बाई शिकवतात. मला दोरा समजत नाही."

अशा रीतीने दर रविवारी सकाळी मास्तरांच्या एका खोलीच्या घरात शिकवणी सुरू झाली. जेवणाच्या टेबलावरच कापड पसरायचं. ती आपले चिमटे, वाकड्या सुया आणि सरावाचा रबरी तुकडा घेऊन यायची. मास्तरांनी आधी चिमट्याने सुई धरायला तिच्याकडून शिकून घेतलं, त्याला अर्धा तास लागला. मग तिला कोटाच्या अस्तरावर टाके घालायला बसवलं. तिथली भाषा अपुरी पडली की मास्तर हातांनी सांगायचे.

"डॉक्टरीणबाई, दोन्ही कडांची नुसती भेट व्हायला हवी. एकमेकींच्या अंगावर चढायला नकोत."

"आणि किती ओढायचं?"

"डोळे मिटा. बोटाला दोरा सांगतो. आता ऐकू आलं का?"

"नाही."

"परत करा."

बायको तिकडून चहा घेऊन यायची. "अहो, त्या पोरीला जरा बसू द्या. तुमच्या हाताखालची मुलं पळून का जायची, ते आता कळलं मला." मग तिला म्हणायची, "तू खा गं आधी. यांचं काही मनावर घेऊ नकोस."

तिसऱ्या रविवारी ती वर्गातल्या दोघांना घेऊन आली. पाचव्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या आणि एकाला पलंगावर बसावं लागलं. मास्तर त्यांच्यामध्ये हात मागे बांधून फिरायचे. कुणाचं काम झालं की पोरं सवयीने हात वर करायची, आणि मास्तर वाकून, चष्मा नाकावर ओढून बघायचे.

इकडे पुलाचं कामही चाललं होतं. त्यात मास्तरांना नवल वाटावं असं काही नव्हतं. आधी माप घेतलं. मग काही दिवस कच्चं काम घातलं. मग ट्रायल झाली, एका बाजूला जरा घट्ट वाटलं, ते सैल केलं. मग पक्कं. फक्त कापडाऐवजी चिनी मातीसारखं काहीतरी होतं. सगळं मिळून सात महिने लागले. शेवटचा हप्ता दिला तेव्हा मास्तरांना वाटलं, चुकून कमी घेतलेत की काय. त्यांनी खिडकीतल्या बाईला पावती दोनदा बघायला लावली.

परीक्षेत डॉक्टरीणबाई पास झाली. निकालाच्या दिवशी ती धावतच घरी आली. बाह्या आता मनगटावर अचूक बसत होत्या. चहा पिताना ती मास्तरांच्या बायकोला सहज म्हणाली, "काकू, तुमचे दात मी कधी बघितलेच नाहीत. बघू का?"

"माझे? छे. माझे ठणठणीत आहेत."

पण ती इतक्या घाईने म्हणाली की मास्तरांनी कप खाली ठेवला. "अगं, दाखव ना. तुला काय होतंय?"

बराच वेळ आढेवेढे घेऊन तिने तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईने उजेड पाडला. वर उजवीकडच्या दोन दाढा आतून पोखरलेल्या होत्या.

"किती दिवस झाले काकू?"

"असतील दोन वर्षं."

"दोन वर्षं?" मास्तर उठून उभे राहिले. "आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तुम्ही चार दिवस लपवलं, मी दोन वर्षं लपवलं, फरक काय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीची फी भरायची होती. मला डावी बाजू होतीच की."

मास्तर परत खाली बसले. सात महिने ही बाई त्या हॉलमध्ये त्यांच्या शेजारी बसून मोजे विणत होती, चाळीस खुर्च्या समोर होत्या, आणि तिने आपलं तोंड उघडलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरीणबाईने मात्र पर्समधून वही काढली होती.

"मी आता तिथेच काम करणार आहे, बाईंच्या हाताखाली. या दोन्ही दाढा वाचतील. काढायच्या नाहीत. शनिवारी नऊ वाजता. काकू, येणार ना?"

"सुई टोचतेस का गं फार?"

"टोचते. पण मनगट फिरवून."

शनिवारी बायको खुर्चीत बसली. बसल्या बसल्या तिने मास्तरांचा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या. सुई टोचून झाल्यावर तिने डोळे उघडले. "झालं?" तिने विचारलं, आणि हात सोडला. मग डॉक्टरीणबाईने बाहेर जायला सांगितल्यावर मास्तर भिंतीपाशी जाऊन बसले. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ गाल दाबून, घाबरलेल्या चेहऱ्याने आपल्या नंबराची वाट बघत होते. आपल्याकडचे दिसत नव्हते. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून मोठ्ठं हसू केलं, सगळे दात दाखवून, आणि तिथल्या भाषेत म्हणाले, "काळजी करू नका. पोरं चांगली आहेत. फक्त वेळ लागतो."