दत्ताभावजींची फुंकणी

सुट्टीत मुलांना घेऊन मी रत्नागिरीला माहेरी आले होते. शारजाहून ह्यांचा फोन आला आणि हे एवढंच म्हणाले, "दत्ताराम गेला." मी केवढ्यांदा तरी ओरडले, "अगबाई, गेले का एकदाचे! कधी पोचतायत गावी?" कारण आमच्याकडे दत्ताभावजींच्या बाबतीत 'जाणं' म्हणजे गावी जाणं. जेवणाच्या ताटावर बसून ते दरवर्षी सांगत, "वहिनी, पुढच्या वर्षी खलास. व्हिसा कॅन्सल, मी गेलो." पलीकडून हे म्हणाले, "अगं, तसा नाही..." मग मला कळलं. छातीत जळजळतंय म्हणून सोडा पिऊन झोपले होते, सकाळी रूममधली मुलं उठवायला गेली तर उठलेच नाहीत. महिना झाला या गोष्टीला, पण माझा तो आनंदाचा ओरडा अजून कानातून जात नाही.

दत्ताभावजी म्हणजे ह्यांचे जुने रूममेट. दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपात प्लास्टिकचे पाइप कापायचं, जोडायचं काम. लग्न केलं नाही. गावी आई एकटी. मी लग्न होऊन शारजात रोल्लाच्या आमच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हापासून शुक्रवारचं जेवण त्यांचं आमच्याकडे असायचं. नव्वद सालानंतरची गोष्ट असेल, त्यांच्या साइटवर एक म्हातारा जपानी इंजिनियर होता. तो संध्याकाळी एकटाच बसून जपानकडची एक बासरी वाजवायचा. शाकुहाची म्हणतात तिला. आपल्यासारखी आडवी नाही, उभी धरायची. जाड बांबू, चार भोकं पुढे, एक मागे, आणि वरच्या काठावर ओठ टेकून फुंकायचं. भावजी गावच्या भजनात बासरी धरणारे, ते कसले गप्प बसतात! मायदेशी परतताना त्या साहेबाने ती भावजींच्या हातात ठेवली. पहिले कित्येक दिवस तिच्यातून नुसती हवा निघायची. रूममधले म्हणायचे, "दत्ताराम, ही तर तुझ्या आयेची फुंकणी!" पण एका शुक्रवारी त्यांनी आमच्या हॉलमध्ये ती वाजवली. सूर कसला, कुणीतरी लांबून हाक मारावी तसं काहीतरी. माझी तव्यावरची पोळी करपली.

त्या बासरीला इथली हवा सोसेना. बाहेर घामट, आत एसीची कोरडी. आपल्या कोकणातल्या माणसाला सगळ्यावर एकच औषध माहीत, खोबरेल! भावजींनी तिला तेल चोळलं, ओल्या फडक्यात गुंडाळून गादीखाली ठेवलं, तरी एका उन्हाळ्यात ती टचकन उभी तडकली. नायलॉनचा दोरा आवळून त्यांनी ती सांधली, आणि मग वर्कशॉपातल्या राखाडी पाइपचा तुकडा घेऊन, मापं जुळवून, कानशीने घासून दुसरी तयार केली. मी म्हटलं, "भावजी, हे काय मेलं, बेसिनखालचं काहीतरी वाटतंय!" ते हसले. "हिला काही होत नाही वहिनी. उन्हात टाका, एसीत टाका. हबीबी, ही खरी गल्फची. बांबूला माणसासारखं जपावं लागतं." वाजायची तीही, सूरही बरोबर लागायचा. पण ते लांबून हाक मारणं तिच्यात नव्हतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. बांबूची त्यांनी एका गाववाल्याच्या बॅगेतून घरी पाठवून दिली. तिथल्या दमट हवेत ती नीट राहील, आणि आपण कायमचे गेलो की ओटीवर बसून तीच वाजवायची, असा बेत. मी विचारायची, "कशी आहे हो तुमची बांबूवाली?" रजेवरून येऊनही ते सांगत, "मस्त. एकदम सुखरूप."

भावजींची शवपेटी घेऊन हे आले, मी रत्नागिरीहून त्यांच्या गावी पोचले. परसातला हिरवा वेळू तोडून तिरडी बांधली होती. मी आत आयेकडे गेले. बायकांना चहा हवा म्हणून ती चुलीपुढे बसली होती आणि फुंकत होती... काळीकुट्ट, धुराने चकचकीत झालेली, मधोमध नायलॉनचा दोरा. "आये, ही कुठली?"

"झिलान धाडल्यान. भोकां होती तिका, ती मी मेणान बुजवलंय."

"भावजींना माहीत होतं?"

"तर! रजेर इलो तेव्हा बघल्यान. हसलो. म्हणालो, रवांदे आये, तुझ्या फुकान वाजता ती."

कुणीतरी म्हणालं, त्याची आवडती होती, त्याच्याबरोबर चितेवर ठेवूया. म्हातारी एकदम ताठ झाली. "वेळू जाळनत नाय. आणि फाल्या सकाळी चूल कशान पेटवू?" ती पुन्हा फुंकायला लागली.

मला भावजींचा राग येतो. म्हातारीला एक शब्द सांगता आला नसता? आणि आम्हाला? ओटीवर बसून वाजवायला तिथे काही उरलेलंच नव्हतं, हे त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं, मग दर शुक्रवारी 'पुढच्या वर्षी' कोणासाठी म्हणत होते? माझ्यासाठी? की स्वतःसाठी?

त्यांच्या सामानातली प्लास्टिकची तेवढी ह्यांनी शारजाच्या घरी आणली. ती किचनच्या शेल्फवर असते. मुलगी म्हणते, "आई, व्हाय डोंट यू थ्रो इट?" तिला काय सांगू? काल घरात कुणी नसताना मी ती ओठांना लावली. दम लागेपर्यंत फुंकली. सूर काही लागला नाही, नुसती हवा. आणि समोर गॅस, त्याला फुंकर लागतच नाही.