अव्वाच्या कपाळाची विभूती

मी गाव सोडलं तेव्हा अव्वा, माझी आई, एसटीच्या थांब्यावर आली नव्हती. चुलीपुढूनच ती "होगी बा" म्हणाली. कानडीत निघणाऱ्याला नुसतं जा म्हणत नाहीत, जाऊन ये म्हणतात. मालकांना, माझ्या नवऱ्याला, सोलापुरात टॉवेलच्या मागावर काम मिळालं होतं. लेकीला, कविताला, मांडीवर घेऊन आणि भांड्यांचं पोतं पायाशी धरून मी एसटीत बसले. आमचं गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकच्या शिवेला. सकाळी निघालं की जेवायच्या आत सोलापूर येतं. तरी शहरात राहायला लागल्यावर गाव लांब गेलं. रजा मागायला तोंड उघडावं लागतं, आणि ते मला कधीच जमलं नाही.

पुढे माग बंद पडले. आता मी गणवेशाच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशिनीवर बसते. गावात चुलीच्या धुरानं डोळे झोंबायचे, इथं ट्यूबलाइटखाली झोंबतात.

गावी गेलं की कविता मोबाइलवर अव्वाचे फोटो काढायची आणि लगेच तिला दाखवायची. अव्वा हसायची. एकदा म्हणाली, "ह्यात मी तुज्यापाशी हाय. माज्यापाशी कुटं हाय? तू बोट काडलंस की काळं हुतंय." तो मोबाइल पुढे रिक्षात राहिला आणि त्यातले फोटो काही परत मिळाले नाहीत. उरला आधार कार्डावरचा फोटो. त्यात अव्वाची हनुवटी कुणीतरी वर करायला लावलेली, डोळे भेदरलेले. ती अव्वा मला अनोळखी वाटते.

कविता आता पुण्यात लग्नाचं डेकोरेशन करणाऱ्यांकडे असते. एकदा ती तिथला कॅमेरा घेऊन आली. फोटो काढला की तो कागद होऊन तिथल्या तिथं बाहेर येतो. ती सांगत होती, लग्नात पाहुणे स्वतःच्या मोबाइलकडे बघत नाहीत, पण ह्या फोटोसाठी रांग लावतात. गावी पोचलो तेव्हा त्यात एकच फिल्म शिल्लक होती. कविता अव्वाला म्हणाली, "आजी, एकच निघंल. डोळे मिटू नकोस."

अव्वानं डोक्यावर पदर घेतला आणि श्वास धरून बसली. कोरा चौकोन बाहेर आला. तो तिनं तळहातावर ठेवला आणि आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. आधी पदर उमटला, मग कपाळावरची विभूती, मग डोळे. अव्वानं तळहात डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "ही तर माजी अव्वा हाय की गं. मी कवा अशी झाले?"

तो फोटो तिनं ट्रंकेत लुगड्याखाली ठेवला. कोणी बाई आली की हात पदराला पुसून काढायची. "मोबाइलमदला न्हाय," म्हणायची, "माजा हाय."

अव्वा आजारी पडली आणि गेली. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून पुरायला नेतात. बसलेल्या अव्वापुढं तो फोटो ठेवला होता. दिवस झाल्यावर मी धाकट्या भावाकडं, सिद्धप्पाकडं, तो मागितला. तो म्हणाला, "अक्का, तू न्हेलीस तर हितं काय ऱ्हायलं?" कविता म्हणाली, मोबाइलवर काढून घेते. त्यावर तो दुखावला. "फोटोचा फोटो कशाला? अव्वा हितंच असणार हाय. तू येत जा की." मला बरंच वाटलं. गावात अजून कुणीतरी आहे असं वाटलं. कवितानं मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.

सिद्धप्पानं फोटोची पांढरी कड कापली आणि तो फ्रेममध्ये बसवून दारासमोरच्या भिंतीला लावला. काच महादेवीनं, माझ्या भावजयीनं, बसवू दिली नाही. काच आली तर विभूती अव्वाच्या कपाळाला कशी लागणार, असं तिचं म्हणणं. रोज आंघोळ झाली की ती ओल्या फडक्यानं फोटो पुसायची आणि ओली विभूती लावायची. कापलेल्या कडेनं पाणी आत गेलं असेल. दारातून सकाळचं ऊनही तिथंच पडायचं. दर खेपेला अव्वा थोडी कमी दिसायची. आधी हात गेले, मग पदर. कवितानं नंतर कामावर विचारलं तेव्हा कळलं, असले फोटो अंधारात आणि कोरडे ठेवायचे असतात. हे तोवर आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

परवा गेले तर काहीच उरलं नव्हतं. पिवळट पांढरा चौकोन. महादेवीवर रागवायला मन झालं नाही. शेवटी अव्वा अंथरुणाला खिळली तेव्हा तिनंच तिला न्हाऊ घातलं, भरवलं. मी तेव्हा मशिनीवर होते. मागं राहिलेल्यांकडं आपलं गाव ठेवायला दिलं की ते आपल्या पद्धतीनं सांभाळतात, आणि ते सांभाळणं बघायलाही आपण तिथं नसतो.

महादेवी फडकं ठेवून म्हणाली, "अक्का, आज तुमी लावा की."

मी विभूतीत बोट बुडवलं आणि भिंतीपुढं उभी राहिले. कुठं टेकवायचं ते मला कळेना. तिनं माझं मनगट धरलं आणि माझं बोट अव्वाच्या कपाळावर नेऊन ठेवलं.