त्यानं पोरगी म्हटलं

"बसून काय होते?" असं म्हणत ती बुढी उठायचीच. चहासुद्धा उभ्याने प्यायची, आणि अर्धा कप ठेवून दारापर्यंत जाऊन यायची. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील; कुठंतरी काहीतरी बिघडून राहिलंय, असं त्यांना सतत वाटतं.

तिच्या बाबतीत ते खरंच होतं. तिचा थोरला मुलगा रेल्वेत गँगमन होता. तो तापाने गेला आणि त्याची बायको लहानग्या मुलीला घेऊन गोंदियात आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आली. बुढी जवळच्याच दवनीवाडा गावी धाकट्या मुलाकडे राहायची. बाजाराला आली की सुनेच्या दारात उभी राहून, नातीला पेरू देऊन जायची.

मग थोरल्याचा फंड मिळायची वेळ आली आणि धाकट्याने हरकत घेतली. "पोरगी दादाची नाही." लग्नानंतर ती फार लवकर झाली होती, एवढंच त्याचं म्हणणं. वारसांतून पोरीचं नाव निघालं तर बुढीचा वाटा वाढणार होता, आणि बुढी त्याच्याच घरी होती. त्या दिवसांत बुढी यायची बंद झाली. सून आमच्या ओट्यावर येऊन रडायची.

सुनेचा अर्ज मी लिहिला होता, म्हणून रेल्वेच्या कचेरीत सुनावणीला मीही गेलो. धाकट्याने आईलाच साक्षीला आणलं होतं. ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती, माझ्याकडे पाहीना.

साहेबांनी विचारलं, "माँजी, यह लड़की आपके बेटे की है?"

"मले काय माहीत, साहेब?"

सुनेने डोळे मिटले.

"पन ड्युटीवरून आला का आधी तिलेच खांद्यावर घ्याचा. मरतानी तिचाच हात धरून होता. त्यानं पोरगी म्हटलं. मी कोन इचारनारी?"

"माय, आता घरी कसी येतं तेच पायतो!" धाकटा ओरडला.

"कायले येऊ?"

पोरीचा हक्क मान्य झाला. बुढी कचेरीतून थेट सुनेच्या खोलीवर आली आणि तिथंच राहिली. पण जिवाला चैन नव्हतं. मधूनच मला गाठून विचारायची, "बाबू, मी खोटं तं नाही ना बोलली?" मी नाही म्हणायचो. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

काही वर्षांनी, धान कापणीच्या दिवसांत बुढी वारली. धाकटा बैलगाडी घेऊन आईला शेवटचं गावी न्यायला आला. पोरगी उशाशी बसली होती, हलेना.

"बाजूले हो," तो म्हणाला.

"माही आजी आहे."

तो तिच्यासमोर खाली वाकला. म्हणाला, "होय. चाल बेटा, गाडीत बस."