चौदा फुटांच्या दोन फळ्या

काटकोनकाका म्हणजे कारखान्यातले जिन्याचे सुतार. तीस वर्षं नुसते जिनेच केले त्यांनी. शाळा चौथीत सुटली, पण तीन-चार-पाच तोंडपाठ. उभी बाजू तीन फूट, आडवी चार, की तिरकी पाच. नऊला बारा असेल तर पंधरा. दुसरं कुठलंही माप आलं की काका जमिनीवर खडूने काटकोन आखायचे, दोन टोकांना दोरी ताणायचे आणि ती मोजायचे. चूक म्हणून कधी झाली नाही.

काकांचे मोठे भाऊ गेले आणि त्यांचा कारखाना पुतण्याच्या हातात आला. पुतण्या शिकलेला, जिभेला हाड नाही. जिन्यांचं काम त्याला स्वतःकडे हवं होतं, पण सगळे कामगार काकांना मानायचे. उगाच हटवलं असतं तर बोंब झाली असती.

एकदा चहाच्या सुट्टीत, सगळे जमलेले असताना, त्याने विचारलं, "काका, उंची आठ फूट, आडवं बारा. कडेची तिरकी फळी किती?"

काकांचा हात खिशातल्या खडूकडे गेला.

"अहो, तीस वर्षं झाली! अजून रेघोट्या ओढता? बालवाडी आहे का ही?"

हशा पिकला. पॉलिशवाल्या वहिनी तर चहा सांडेपर्यंत हसल्या.

काकांचे कान तापले. नऊला बारा की पंधरा, हे पक्कं. आता उंची एक फुटाने कमी, म्हणजे फळीही एक फुटाने कमी, आणखी काय!

"चौदा," ते ताडकन बोलून गेले.

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

"मग कापा की. मुहूर्त बघताय का?"

काकांनी कापल्या. चांगल्या सागवानाच्या, दोन्ही कडांच्या फळ्या. क्षणभरही थांबले नाहीत. उलट मनात म्हणाले, बघ लेका, असं असतं.

दुसरी फळी खाली ठेवतात न ठेवतात तोच पुतण्या वही घेऊन आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागला. "आठाचा वर्ग चौसष्ट. बाराचा एकशे चव्वेचाळीस. बेरीज दोनशे आठ. वर्गमूळ काढलं की चौदा फूट पाच इंच. पाच इंच आखूड, काका! आता काय, थुंकी लावून जोडणार?"

काकांनी वहीत डोकावलं. पानावर आदल्या दिवसाची तारीख होती.

"कालच काढलं होतंस? मग कापायच्या आधी बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर ह्या सगळ्यांना कळलं कसं असतं?"

ह्यावेळी कुणी हसलं नाही. पण काकांच्या बाजूने बोललंही नाही कुणी. वहिनी कपबशा गोळा करायला लागल्या. जिने पुतण्याने आखायचे आणि काकांनी सँडपेपर घासायचा, हे तिथेच उभ्या उभ्या ठरलं.

नव्या फळ्या काकांनीच घासल्या. बसवायच्या दिवशी सामान उचलायला त्यांनाही नेलं. वाटभर ते मनात एकच घोकत होते, बोटभर तरी फट पडू दे रे देवा, बोटभर.

जिना बसला. काका वर चढले, फळीच्या टोकाला नख घालून बघितलं. मग दुसऱ्या फळीला. नख कुठेच शिरेना.

"झालं तपासून?" खालून पुतण्या म्हणाला. "मग या आता, भुसा पडलाय सगळीकडे."

काका उतरले आणि झाडू शोधायला लागले.