गंधे सरांचे दगड आणि यमुताईंची कार्डं

यमुताई वझलवारांना राग फार कमी यायचा, पण आला की त्या बोलणं बंद करून कामाला लागत. १९७४ च्या ऑगस्टमधल्या एका गुरुवारी तर त्यांनी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही.

नागपुरातल्या एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात त्या तेवीस वर्षं कार्डं सांभाळत होत्या. बाबाराव गंधे सर रामटेक, मनसर, उमरेड असे भटकून दगड आणायचे आणि यमुताई प्रत्येकाचं कार्ड करायच्या. दगड कसला, दिसतो कसा, कुठे आणि कधी मिळाला, आणि शेवटी तो ठेवलाय कुठे, म्हणजे रॅक चार, खण पाच. तीन हजार दोनशे चौदा दगड आणि तेवढीच कार्डं. दगडावर मात्र कसलीही खूण नाही, ही सरांची सक्त ताकीद. "दगडाला रंग लावला की त्याचा देव होतो," ते म्हणायचे, "मग लोक पाया पडतात, बघत कोणी नाही." त्यांना स्वतःला कार्ड कधी लागलंच नाही. एकेक दगड ते पोटच्या पोरासारखा ओळखायचे. १९७१ साली सर वारले आणि ओळखणारं कोणी उरलं नाही.

त्या गुरुवारी तपासणी समिती आली. तिने चाळीस कार्डं उपसली आणि त्यांचे दगड दाखवा म्हणाली. अकरा सापडले. बाकीच्या एकोणतीस कार्डांवर जो खण लिहिला होता, तिथे भलतेच दगड ठाण मांडून बसले होते. समिती चहा पिऊन गेली, पण प्राचार्य कृष्णकांत बोकारे भडकले.

"कुठला ते सांगता येत नसेल तर तो नमुना नाही, यमुताई, ती गिट्टी आहे. सायकल स्टँडच्या पायाला भर हवीच आहे. सोमवारी मजूर येतील."

लगेच त्यांनी तसा हुकूम टाइपही करून घेतला. यमुताईंची तेवीस वर्षं आता सायकलींखाली जाणार होती.

खरं सांगायचं तर त्यांचा पहिला संशय लहानूजींवर गेला. लहानूजी विभागाचे चपराशी, रामटेककडचे, पहाटे उठून अंगमेहनत करायची सवय असलेले.

"लहानूजी, दगड इकडचे तिकडे कोणी केले?"

"म्या काहून करीन जी बाई? दगड काय खायची चीज आहे?"

शुक्रवारी यमुताईंनी फसलेल्या कार्डांतली सरांच्या सुरुवातीच्या काळातली कार्डं वेगळी काढली आणि पदर खोचून एकेक दगड शोधायला घेतला. दुपारपर्यंत नऊ मिळाले. कार्डावरचा खण आणि सापडला तो खण, असं त्या कागदावर शेजारी शेजारी लिहीत गेल्या. एकचा दगड बारात. दोनचा अकरात. पाचचा आठात. त्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. दोन आकड्यांची बेरीज प्रत्येक वेळी तेरा! प्रत्येक रॅकला वरून खाली खण होते बारा, आकडे रॅकच्या चौकटीवर, आणि खणात सरकवलेल्या दगडांच्या ट्रेवर मात्र आकडा नाही. म्हणजे एकही दगड हरवला नव्हता. अख्खे रॅकच वरचे खाली झाले होते, आणि तेही फक्त खिडक्यांसमोरचे सहा.

"लहानूजी, हे रॅक तुम्ही हलवता ना?"

"हलवा लागतेच न जी. उन्हाळ्यात तिथं कूलर बसते. ट्रे भिंतीपाशी एकावर एक रचून ठेवतो, जून आला का परत लावतो."

"कसे ते दाखवा."

लहानूजींनी दाखवलं. काढताना सुरुवात वरून, कारण खालचे आधी काढले तर रॅक अंगावर यायचा. वरचा ट्रे पहिल्यांदा जमिनीवर, त्यावर दुसरा, असं करत सगळ्यात खालचा ट्रे थप्पीच्या डोक्यावर. जूनमध्ये थप्पीच्या डोक्यावरचा ट्रे आधी उचलायचा, आणि तो चढवायचा रॅकच्या वरच्या खणात.

"अहो, पण वरून काहून?"

"जड काम पहिले करा लागते बाई. सकाळी अंगात जोर असते. दुपारी कोण चढवते वरतं?"

माणसाचं काही चुकलं नव्हतं. यमुताई स्टुलावर बसल्या आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. कूलर १९६६ पासून बसत होते. एका उन्हाळ्याने रॅक उलटा व्हायचा, पुढच्या उन्हाळ्याने आपोआप सुलटा. दगड जागेवर नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या कॉलेजच्या पोरांना त्या "नीट बघा" म्हणून परत पाठवायच्या, आणि पुढच्या वर्षी दगड जागच्या जागी! आठ वर्षं त्या पोरांवर उगाच डाफरल्या होत्या.

शनिवारी त्यांनी बोकारे सरांना बोलावलं आणि तीच चाळीस कार्डं त्यांच्या हाती दिली. "तुम्ही काढा, मी दगड देते."

पहिल्या कार्डावर खण तीन होता. यमुताईंनी दहावा उघडला. दगड हजर. दुसऱ्यावर एक, बारावा उघडला, हजर. तिसऱ्यावर पाच होता. आठवा उघडला तर दगड नाही. बोकारे सरांनी घड्याळ पाहिलं. लहानूजींचं तोंड उतरलं. यमुताईंनी कार्ड परत मागून घेतलं आणि तारीख वाचली. सप्टेंबर १९७०.

"सर, सहासष्टचा उन्हाळा उलटा, सदुसष्टचा सुलटा; त्या हिशोबाने सत्तर सालीही रॅक उलटाच होता, आजच्यासारखा. उलट्या रॅकवर लिहिलेलं कार्ड उलट्या वर्षी बरोबरच येणार." आणि त्यांनी सरळ पाचवा खण ओढला. लालसर, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड, अगदी कार्डात लिहिला होता तसा, तिथे बसलेला होता.

मग मात्र बोकारे सरांना चेव चढला. ते पत्त्यांच्या डावासारखी कार्डं टाकू लागले आणि यमुताई तारीख बघून खण उघडू लागल्या. बारा वाजेपर्यंत एकोणचाळीस झाले. चाळिसावा काही केल्या सापडेना. तेराच्या बेरजेत नाही, सरळ आकड्यात नाही, शेजारच्या रॅकमध्येही नाही.

"एक तर गेलाच ना," बोकारे सर म्हणाले.

यमुताईंनी कार्ड पुन्हा वाचलं. काळा, गुळगुळीत, मुठीएवढा, मधून पांढरी रेघ, मनसर. त्या थेट प्राचार्यांच्या खोलीत शिरल्या, मागोमाग बोकारे सर. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला काळा, गुळगुळीत, मधून पांढऱ्या रेघेचा दगड त्यांनी उचलला. त्याबरोबर पंख्याच्या वाऱ्याने सायकल स्टँडचा हुकूम उडाला आणि कपाटामागे गेला. तो काढायला कोणीही वाकलं नाही. बोकारे सर तर कानापर्यंत लाल झाले होते.

"चाळीस," यमुताई म्हणाल्या. त्यांना इतका आनंद झाला होता की आवाज चिरकला. "आता मला पांढरा रंग, काळा रंग आणि बारीक ब्रश मागवून द्या. गंधे सरांची माफी मागून मी प्रत्येक दगडावर त्याचा स्वतःचा आकडा घालते. मग कूलर कुठेही बसू द्या."

पुढच्या मार्चपर्यंत त्यांनी आणि लहानूजींनी तीन हजार दोनशे चौदा आकडे घातले. पहिला आकडा मिळाला तो मनसरच्या काळ्या दगडाला. त्यानंतर तो टेबलावर ठेवायचा असला तर बोकारे सरांना यमुताईंच्या वहीत सही करावी लागे, आणि त्यांनी ती एकदाही चुकवली नाही.